भुईला टेकलेला हात

“काकाजी, अर्धं दुकान खाली उतरवलं. आता एक तरी बुद्ध पसंत करा,” दुकानदार घाम पुसत म्हणाला.

शालिकच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. उद्या गेलेल्या बायकोच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि तिच्या फोटोशेजारी ठेवायला मूर्ती हवी होती. डोळे मिटून ध्यानाला बसलेली मूर्ती सोबत आलेल्या सुनेला आवडली. पण मिटलेले डोळे त्याने बायकोच्या आजारपणात फार पाहिले होते. उजव्या कुशीवर पहुडलेली तर त्याला बघवलीच नाही. तिसरीचा अभय देणारा, वर उचललेला हात त्याला निरोपाचा वाटला.

मग आणखी एक मूर्ती आली. मांडी घातलेली, उजवा हात गुडघ्यावरून खाली सोडलेला, बोटं भुईला टेकलेली.

“ही भूमिस्पर्श मुद्रा. बुद्धांनी धरतीला साक्षीला बोलावलं, तेव्हाची...”

शालिकने पुढचं ऐकलंच नाही. बायको खाटेवर झोपायची आणि तो खाली चटईवर. दिवा बंद केला की तिचा हात असाच खाली यायचा आणि तो जवळ आहे ना, हे चाचपून बघायचा. ती गेल्यापासून त्याचा डोळा लागला नव्हता.

घरी येऊन त्याने मूर्ती रिकाम्या खाटेवर, अगदी कडेला ठेवली.

“बाबा, बुद्धांना कुणी खाटेवर ठेवतं का?” सून म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

“लोक उद्या येतील. आजच्या दिवस राहू दे.”

त्याने खाली चटई अंथरली. सून मूर्तीपुढे लावायला मेणबत्ती घेऊन आली, तोवर तो घोरत होता.