न पाहिलेली वाट

पैज सोपी होती: टेलर आणि घड्याळजी या दोघा दोस्तांनी कधीही न पाहिलेल्या डोंगरवाटेवर सायकली हाणायच्या आणि हरेल त्याने मिशी उतरवायची. टेलरने मिशी जिवापाड जपलेली, म्हणून पुढे चाललेल्या घड्याळजीवर त्याची घारीची नजर. गडी फाट्यांवर थबकत नव्हता, वळणाआधीच ब्रेक दाबत होता. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं! झुडपाआडच्या खड्ड्याला त्याने आधीच वळसा घातला, तेव्हा टेलर गरजला, “थांब, लबाडा! चोरून येऊन गेलायस तू, नाहीतर खड्डा कसा चुकवलास?” घड्याळजी हसला. “आलो होतो शुक्रवारी. पण झुडपाआड खड्डा आहे, हे तुला रे कुणी सांगितलं?” घड्याळजीने खिशातून मापाची टेप काढली. गुरुवारी हरवलेल्या याच टेपपायी टेलरने बायकोला धारेवर धरलं होतं. “वहिनींना सांग, खड्ड्यात सापडली.” त्या संध्याकाळी न्हाव्याने दोन मिशा उतरवल्या.