चौथ्या ओळीतली चूक

बिलोलीच्या गीतांजलीनं नांदेडच्या होस्टेलवर जुन्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, पण त्यात लिहिलेला प्रोग्राम वाचून चालवायला लागणारा कंपायलर काही बसेना. तीन दिवस स्क्रीनवर एकच उत्तर येत होतं: अशी कमांड नाही.

"गाईडमधलं जसंच्या तसं टाकलंस का?" घरून आप्पांनी, तिच्या वडिलांनी, फोनवर विचारलं.

"हाव आप्पा. परीक्षेला पाठ करते तसं, एक टिंब सोडलं न्हाई."

चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतली सबिहा मागं येऊन उभी राहिली. "अगं, सुरुवातीचा डॉलर कशाला टाईप करून राहिलीस? कमांड कुठून सुरू होते ते दाखवायला छापलाय तो."

डॉलर काढला आणि कंपायलर मुकाट्यानं बसला. गीतांजलीनं आपला पहिला प्रोग्राम चालवला. उत्तर वाचलं आणि लगेच घरी फोन लावला.

"आप्पा, चौथ्या ओळीत चूक निघाली!"

"पुन्हा चूक? मंग हसून कामून राहिलीस?"

"आप्पा, आज कंपायलरनं माझं लिहिलेलं वाचलं! पहिल्या तीन ओळी बरोबर हायेत माझ्या."