चहा गार होतोय

मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या शहर शाखेची अध्यक्ष झाल्यावर तिने सभासदांना एक शिस्त लावली. आपल्याकडे काम केलेल्या माणसाबद्दल दुसऱ्या सभासदाने चौकशी केली आणि सांगण्यासारखे चांगले काही नसले, तर वाईट बोलायचे नाही. विषय चहाकडे वळवायचा. विचारणारा काय ते समजून घेई, कोणाची बदनामी होत नसे.

तिचा जुना सहायक आईच्या आजारपणासाठी नोकरी सोडून गेला होता. परवा तो भेटायला आला, तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मॅडम, मुलाखती झकास होतात. तुमचं नाव सांगितलं की लोक खूश होतात. मग पुन्हा फोनच येत नाही. माझं काही चुकतंय का?"

"वेडा आहेस का? तुझ्यासारखा माणूस मला पुन्हा मिळाला नाही," ती म्हणाली, पण इतके दिवस त्याची साधी विचारपूसही केली नाही, हे तिच्या मनाला लागून राहिले.

पुढच्याच बैठकीत तिने शाखेच्या सचिवांना बाजूला घेतले; त्यांच्या कंपनीतही त्याची मुलाखत झाली होती. "त्या मुलाला तुम्ही का नाकारलंत हो?"

सचिव गोंधळले. "मॅडम, मी तुम्हालाच विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, 'आधी चहा घ्या, गार होतोय.' मी बाकीच्यांनाही सावध केलं."





त्या दिवशी चहा खरोखरच गार होत होता.