धुवायला टाकलेल्या नाड्या

हार्टलीनं बूट उचलले, उलटे करून झटकले आणि मग त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"विनी, नाड्या कुठे गेल्या?"

"धुवायला टाकल्यात." विनी चुलीकडे तोंड करून लापशी ढवळत होती.

"बुटाच्या नाड्या?"

"चिखल झाला होता."

"तू लग्न करून आलीस तेव्हापासून चिखल आहे."

"मग? कधीतरी सुरुवात करायला हवी ना."

नाड्या तिच्या एप्रनच्या खिशात होत्या. कोरड्या, चिखलासकट.

खोऱ्यातल्या सगळ्या घरांत पायताणांचा एकच कायदा होता. गमबूट म्हणजे अंगण, गोठा, फार तर खालचं कुरण. बूट म्हणजे डोंगर. नवरा कुठे गेलाय हे बायकांना विचारावं लागत नसे. पडवीत काय उरलंय तेवढं पाहिलं की झालं. नवऱ्यांचीही बोलायची दगदग वाचे.

रेडिओवरची बाई सकाळपासून बर्फ येणार म्हणून सांगत होती. ती बाई सहसा चुकते, म्हणून हार्टली स्वतः बाहेर जाऊन नाक वर करून आला होता. वारा पूर्वेचा होता. मेंढ्या डोंगरावर होत्या, सगळ्या गाभण. असल्या वाऱ्यात त्या दगडी भिंतीच्या आडोशाला जाऊन बसतात आणि बर्फ त्यांच्यावर पांघरूण घालतं. मग काठीनं टोचत टोचत शोधाव्या लागतात. सापडतात, पण सगळ्या जिवंत नाही.

"शेजारचा आयझॅक आणेल त्या," विनी म्हणाली. "दुपारी येतो म्हणालाय."

"आयझॅकला बाजारात स्वतःची गाडी सापडत नाही. आणि दुपारी भिंतीच दिसणार नाहीत."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवतंय का? छातीत परत कळ आली तर?"

"चढ चढू नका म्हणाल्या."

"मग?"

"त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे, विनी."

ती हसली नाही. हार्टलीची नजर खिळ्याला टांगलेल्या सुतळीकडे गेली. गवताचे गठ्ठे बांधायची ती निळी सुतळी. अर्धं शेत तिच्यावरच उभं होतं. फाटकं, कुंपणं, हार्टलीचा पावसाळी कोटसुद्धा. बुटाला तर ती सहज पुरली असती. विनीची पळी थांबली.

हार्टलीनं बूट जागेवर ठेवले, अगदी जोडीनं, आणि गमबूट ओढले.

"गोठ्यातच जातो मग. झालं समाधान?"

"खरंच?"

"गमबूट घालून डोंगर चढायला मी काय मँचेस्टरहून आलोय?"

खोऱ्यातला हा जुना विनोद होता. तसे चढणारे शहरी लोक दर हिवाळ्यात येत आणि चौघांच्या खांद्यावरून उतरत. आता मात्र विनी हसली. त्यानं जेसला शीळ घातली आणि म्हातारा व त्याची कुत्री बाहेर पडली.

विनीनं चहा केला. साखर एक चमचा जास्तच टाकली. पडवीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे टेबलाशी बसून बूट दिसत राहतील. ते दिसत होते. तिनं दुसरा कप घेतला.

खिडकीबाहेरची भिंत दिसेनाशी झाली तेव्हा ती त्याला हाक मारायला गेली. गोठ्यात गाईंपुढे चारा होता, पाणी होतं, खाली शेण काढून झालं होतं. सगळं वेळेआधीच उरकलेलं. खिळ्यावर मेंढ्या वळवायची आकड्याची काठी नव्हती.

अंगणातून गमबुटांचे ठसे डोंगराच्या फाटकाकडे गेले होते. निम्मे बुजले होते. चढाला लागताना एका जागी ठसा लांबलचक घसरला होता. शेजारी हाताचा पंजा उमटला होता.

ती फाटकाशी उभी राहून हाका मारत राहिली. वाऱ्यानं त्या तशाच तोंडात परत कोंबल्या. मग पांढऱ्यातून काहीतरी हललं, तशी तिनं फाटक उघडलं. मेंढ्या. एकामागून एक, पाठीवर बर्फाची झूल घेऊन, तिच्या अंगाला घासत आत शिरल्या. भिजलेल्या, चिडलेल्या, धडधाकट. सगळ्यांच्या मागून जेस आली. दर चार पावलांवर ती मागे वळून बघत होती.

जेसच्या मागे कोणी आलं नाही. फाटक उघडंच राहिलं. मेंढ्यांमागून ते लावायचं काम हार्टलीचं, आणि त्यानं जन्मात कधी फाटक उघडं टाकलं नव्हतं.

तिनं बचाव पथकाला फोन लावला, तो स्टुअर्टनं उचलला. एरवी तो विनी-हार्टलीचाच ट्रॅक्टर दुरुस्त करायचा.

"विनीआंटी, घाबरू नका. माणसं जमवतोच आहे. कोट कुठला घातलाय?"

"हिरवा. सुतळी बांधलेला."

"कळलं. टोपी?"

"आहे."

"आणि बूट तर असणारच. नाल ठोकलेलेच ना? म्हणजे बर्फातले ठसे ओळखता येतील."

विनीनं पडवीकडे पाहिलं.

"गमबूट," ती म्हणाली.

"काय?"

"गमबूट घातलेत त्यानं."

"हार्टलीअंकलनी?" स्टुअर्टनं विचारलं. मग जरा जास्तच जोरात म्हणाला, "असू देत, असू देत. येतोच आम्ही."

फोन ठेवून विनी बूट आत घेऊन आली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं ते त्यावर ठेवले, खिशातून नाड्या काढल्या आणि ओवायला बसली. खालपासून, एकेक भोक, आडवं-तिडवं. वरची दोन भोकं मात्र तिनं मोकळी सोडली. हार्टलीला ती तशीच लागतात.