शब्द न् शब्द

ऑरेगनमधल्या लाकूड गिरणीत हिशेब बघणाऱ्या लोरेटानं संचालक हॅस्केलसाहेबांपुढे बिल आपटलं. गिरणीच्या सुरक्षा तपासणीचे चाळीस हजार डॉलर, आणि तपासणारी बाहेरची कंपनीसुद्धा त्यांचीच.

"काम न करता पैसे उकळलेत!" ती कडाडली.

"तोंड सांभाळ! करवतीपाशी उभं राहून मी स्वतः तपासणी केलीय. अहवाल वाच की!"

"तुम्हीच लिहिलाय?"

"शब्द न् शब्द माझा."

तिनं अहवाल उघडला. "'करवतीवरची जाळी तुटली आहे, कुणाचाही हात जाईल.' तारीख तीन मार्च. माझ्या नवऱ्याचा हात वीस मार्चला गेला, साहेब. आणि कोर्टात तुम्ही शपथेवर सांगितलंत, जाळीचं मला काही ठाऊकच नव्हतं."