आभाळ तापवणारा पाइप

शेजारच्या खोलीत नवऱ्याची बिटकॉइन काढणारी बारा यंत्रं गुणगुणत असायची. त्यांची गरम हवा पंखा जाड पाइपातून खिडकीबाहेर ढकलायचा. “एवढा खटाटोप करून तापवतोय काय, तर आभाळ!” सासूबाई लेकाला टोमणा मारायच्या. शेवटी कंटाळून त्यानं यंत्रांना गिऱ्हाईक शोधलं. ते यायच्या दिवशीच मी अपुऱ्या दिवसांच्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं. “उबेत ठेवा,” डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन दुलयांतही तिचे पाय गारच. मी पाइपाचं तोंड खिडकीतून काढून आमच्या खोलीत वळवलं. हळूहळू पाळण्यावरचे कागदी पक्षी आपसूक तरंगू लागले, जणू खोलीच उडायला निघाली. सासूबाईंनी नातीची पावलं गालाला लावली. “ऊब आली गं!” बेल वाजली. नवरा यंत्रं बंद करायला उठला. “खबरदार हात लावलास तर!” सासूबाई कुजबुजल्या. “त्या माणसाला सांग, थंडी सरल्यावर ये.”