नदी दिसेपर्यंत

"बाबा तुझ्या गाडीत आहेत ना?" निमिषनं वॉकीटॉकीवर विचारलं.

खरखर झाली. मागच्या गाडीतून त्याच्या मित्राचा, संजयचा, आवाज आला, "नाही यार. काका तुझ्याकडे ना?"

निमिषनं गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना लाल वाळवंट पसरलं होतं. मोबाइलला रेंज नव्हती. ग्रँड कॅन्यन सत्तर मैल मागे राहिलं होतं, आणि तिथंच कुठेतरी त्याचे वडीलही.

लक्षात आलं तेही एक्सेल शीटमुळे. 'साडेअकरा : बाबांची बीपीची गोळी' असं हिमानीनं वाचलं आणि गोळी द्यायला मागे वळली. मागच्या सीटवर सासूबाई होत्या आणि ईशान होता. बाबा कधी या गाडीत बसायचे, कधी पाय लांब करायला संजयच्या. त्यामुळे दोन्ही गाड्यांनी ते दुसरीकडे आहेत असं गृहीत धरलं होतं.

शीट निमिषनं तीन आठवडे खपून केली होती. पाच दिवसांत सात नॅशनल पार्क. क्युपर्टिनोतल्या एका मित्रानं आपल्या आईवडिलांना चार दिवसांत पाच दाखवली होती, आणि तसं ईमेल सगळ्यांना केलं होतं. निमिषचे आईबाबा सहा महिन्यांसाठी वर्ध्याहून आले होते. त्यांना अमेरिका दाखवायची, तर नीट दाखवायची. प्रत्येक पार्कच्या बोर्डापाशी फोटो, मग पॉइंटवर फोटो, मग टॉयलेट, मग पुढे. ग्रँड कॅन्यनला वीस मिनिटं होती. ब्राइसला पंधरा.

बाबांनी, म्हणजे गुरुनाथरावांनी, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. दरवर्षी ते फळ्यावर ही दरी काढायचे. कडे पांढऱ्या खडूनं, तळाची नदी निळ्या. आज सकाळी ते कठड्यापाशी उभे राहिले, तेव्हा तळाशी अजून सावली होती.

"नदी दिसत नाही रे," ते म्हणाले होते. "ऊन खाली उतरलं की दिसेल. बसू या का थोडं?"

"बाबा, इकडे बघा. स्माइल! नदी घरी गेल्यावर नेटवर दाखवतो."

आता निमिष गाडी वळवायला जागा शोधत होता. "अडीच हजार फुटांचा कडा आहे तिथे. गोळी नाही घेतलेली. ऊन बघ केवढं!"

"अडीच नाही, पाच हजार," मागून ईशाननं दुरुस्ती केली.

"आईला माहीत असेल का?" निमिष म्हणाला.

"त्यांना काय विचारणार? मौन आहे त्यांचं," हिमानी म्हणाली.

लतिकाबाई मांडीवर पोथीची पिशवी धरून खिडकीबाहेर बघत होत्या. चातुर्मास चालू होता. सकाळी अंघोळ झाली की पोथीचा अध्याय पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. घरात सुरुवातीला सगळे बिचकले. मग त्याची सोयच झाली. ईशान तर मित्रांना फोनवर सांगायचा, "आजी इज ऑन म्यूट."

गाडी उलटी फिरली. लतिकाबाई पुढे झुकल्या, निमिषच्या खांद्यावर हात ठेवला, काही म्हणणार एवढ्यात हिमानी घाईनं म्हणाली, "नाही नाही आई, तुम्ही मोडू नका तुमचं व्रत. आम्ही बघतो सगळं."

लतिकाबाई पुन्हा मागे टेकल्या.

सत्तर मैल निमिष स्वतःशीच बडबडत होता. ब्राइस गेलं. आर्चेसही बहुतेक गेलं. ईमेलमध्ये काय लिहायचं? मग नुसतं "बाबा, बाबा" म्हणत राहिला. हिमानीनं त्याच्याकडे पाहिलं आणि शीट घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली.

गाडी थांबली तशी दार उघडं टाकून तो कठड्याकडे धावला.

रेंजरच्या खोपटापासून वीस पावलांवर, एका बुटक्या झाडाच्या सावलीत गुरुनाथराव बसले होते. डोक्यावर टोपी. शेजारी पाण्याच्या दोन बाटल्या. दशम्यांचा डबा अर्धा संपला होता, आणि झाकणात गोळीचं रिकामं पाकीट नीट ठेवलं होतं.

"आलात?" ते म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "ये, इथे बस. त्या काळ्या कड्याच्या डावीकडे बघ. खडूपेक्षा हिरवट आहे रे. तीस वर्षं चुकीचा रंग दिला पोरांना."

निमिष धपकन खाली बसला. त्यानं बोटाच्या दिशेनं पाहिलं. फार खाली, उन्हात, दोऱ्याएवढी नदी चकाकत होती. तो या कठड्यावर चौथ्यांदा आला होता. प्रत्येक वेळी कुणाला तरी दाखवायला. नदी त्यानं आज पहिल्यांदा पाहिली.

मग त्याची नजर डब्यावर गेली. तो आईच्या हातचा डबा होता, तिच्याच रुमालात बांधलेला.

लतिकाबाई हळूहळू येऊन नवऱ्याशेजारी टेकत होत्या.

"आई, तू बाबांना मुद्दाम ठेवून आलीस?"

त्यांनी मान डोलावली.

"आणि सत्तर मैल गप्प बसलीस? मी मेलो होतो तिकडे! एक दिवस मौन मोडलं असतं तर देव रागावला असता का?"

लतिकाबाईंनी डब्यातली एक दशमी त्याच्या हातावर ठेवली.

"अध्याय मोटेलवरच झाला होता रे. मौन आठालाच सुटलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हापासून वाट बघतेय, मला कुणी काही विचारतं का."